साडेतीन मिलिमीटर

सायकलच्या खालच्या दांडीवर, हँडलच्या सांध्यापासून चार सेंटिमीटर मागे, करंगळीच्या नखाएवढा एक ठिपका बाकीच्या रंगाहून गडद होता. सव्वीस वर्षं खिडकीपाशी टांगलेली राहून तिचा निळा रंग फिका पडला होता. ठिपक्याचा पडला नव्हता. नेलपॉलिश इतकं टिकतं हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तिने नजर काढून घेतली आणि मागच्या चाकाचे आरे तपासायला सुरुवात केली.

"काय मिलिमीटर, पेशंट जगेल ना?" दादाने विचारलं. तो खोक्यांना दोरी बांधत होता.

ती वजनं आणि मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती, म्हणून घरात तिचं हे नाव पडलं होतं. दादा घर बदलत होता. नव्या घरात सायकल टांगण्याजोगी भिंत नव्हती. जुन्या रेसिंग सायकली जमवणारा एक गृहस्थ ती घ्यायला तयार होता, पण त्याने आठ प्रश्नांचा एक कागद पाठवला होता. कुणा जाणत्या माणसाने तो भरून खाली सही करायची, त्यावरून तो भाव सांगणार. दादाने फोनवरच ऐकवलं होतं, "माझ्या बहिणीने मोजलं म्हणजे मोजलं. दुसऱ्या कुणाला विचारायचं कारण नाही."

ब्रेक मूळचे, दोन्ही. पेडल मूळची. साखळी बदललेली. सीटचं कातडं मूळचं, एका शिवणीत उसवलेलं. तिने नेहमीच्या बारीक अक्षरात चार उत्तरं लिहिली. पाचवा प्रश्न होता, फ्रेमला कधी अपघात झाला आहे का? तो तसाच सोडून तिने सहावा भरला.

वहिनी आतून एक डबा घेऊन आल्या. "हे पण त्या सायकलीबरोबर जाऊ दे, वन्सं. शर्यतीचे बूट. तुमच्या भावाने मला काही इतकं जपलेलं नाही."

"तुला पॉलिश चालत नाही," दादा म्हणाला.

बूट हलके होते. डावा मात्र उजव्यापेक्षा किंचित जड लागला. तिने आत बोटं घातली. तळाला कातड्याचे तीन थर एकावर एक चिकटवलेले होते, कडेला घासून उतरते केलेले.

"हे काय?"

"ते होय? आमचं डिझाइनच तिरकं ना." हा किस्सा त्याने बऱ्याचदा सांगितला असावा, कारण कुठे थांबायचं ते त्याला माहीत होतं. "शेवटच्या वर्षी उतारावर सायकल डावीकडे ओढायला लागली. मी कोचना सांगितलं. ते सगळ्या पोरांसमोर म्हणाले, नाचता येईना, अंगण वाकडं. सायकल सरळ आहे, तूच वाकडा बसतोस. मग मी एक थर चिकटवला. मग दुसरा. सहा महिने पाठीचे व्यायाम केले, फळीवर झोपलो. मग म्हटलं, जाऊ दे, आपल्या अंगातच नाही ते."

"अजून फोटो काढायचा म्हटलं की आधी डावा खांदा सरळ करतात," वहिनी म्हणाल्या.

कातड्याचं तिला माहीत नव्हतं. त्याने शर्यती सोडल्या एवढंच माहीत होतं. घरात सगळे म्हणाले होते, पोरगा उताराला घाबरला, आणि तेव्हा ती मूग गिळून बसली होती.

सोळाव्या वर्षी भौतिकशास्त्राच्या प्रयोगासाठी उतारावरचा वेग मोजायला ती सायकल घेऊन गेली होती. तो झोपला होता, विचारलं तर नाही म्हणाला असता. तिचा डोळा स्टॉपवॉचवर होता आणि समोर एका फाटकाचा दगडी खांब होता. तिला खरचटलंसुद्धा नाही. चाक एका दुकानातून सरळ करून आणलं. जिथला रंग उडाला होता तिथे नेलपॉलिशच्या दोन बाटल्या मिसळून, पाच वेळा करून बघून, अगदी तोच निळा जमवला. जमला तेव्हा तिला आनंद झाला होता. धडक नव्हे, हा आनंद आठवला की आजही तिचे कान तापत.

तिने वहिनींकडे जाड दोरा मागितला.

"आता सुतावरून स्वर्ग गाठणार का?" दादा हसला.

मागच्या चाकाचा आस बसतो तिथल्या एका बाजूच्या खाचेत दोरा अडकवून तिने तो हँडलच्या सांध्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणला. फ्रेम सरळ असेल तर सीटखालच्या दांडीपासून दोन्हीकडे दोरा सारख्याच अंतरावर राहतो. डावीकडे तेहतीस मिलिमीटर भरलं, उजवीकडे साडेएकोणतीस. तिने तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना आपण कसली आशा करतो आहोत, याची तिला लाज वाटली.

"दादा, फ्रेम सरळ नाही."

तो उठून आला. तिच्या हातातली पट्टी घेऊन त्याने स्वतः पाहिलं. "कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

तो खोक्यावर बसला. दोरीचं टोक त्याच्या हातातच होतं. "म्हणजे खरंच ओढत होती," तो म्हणाला.

"अंगणच वाकडं होतं म्हणा की," वहिनी हसून म्हणाल्या. मग दोघांची तोंडं पाहून बूट डब्यात ठेवू लागल्या.

दादाने दोरी खाली ठेवली. "लिही. पाच नंबरला लिही, मालकाच्या हातून अपघात. कारखान्यातून काही अशी आली नसेल. मीच कुठेतरी आपटली असणार. आठवत नाही, पण दुसरं कोण चालवत होतं? भाव पडला तर पडला. तुझ्या सहीवर बालंट यायला नको."

तिने पेन टेकवलं. 'मा' लिहिला. प्रयोगशाळेत जुन्या दाखल्यात चूक सापडली की तो कितीही वर्षांचा असो, ज्याचा त्याला फोन करायचा असा नियम होता. अनोळखी माणसांना तिने असे चार फोन केले होते, आवाजसुद्धा न कापता. दादाच्या लग्नाआधी सांगायचं तिने ठरवलं होतं, मग बाबांच्या आजारपणात, मग कधीतरी. दर वेळी तिला वाटे, आता फार उशीर झाला, आणि त्याच कारणावर ती आणखी उशीर करी.

"काय झालं? मालक शब्द अडला होय?" दादाने विचारलं. बोलता बोलता त्याने डावा खांदा सरळ केला, सवयीने. फोटो कुणी काढत नव्हतं.

तिने पेनाला टोपण लावलं.

"दादा, तुझ्या हातून नाही," ती म्हणाली. "मी सोळा वर्षांची असताना तुला न विचारता नेली होती. खांबावर मी धडकवली. तो ठिपका नेलपॉलिशचा आहे."