उघाडीत ओंडका कुणी घातला?

गावात बाहेरून आलेली दोन माणसं असली, की त्यांची आपसांत तुलना करण्याचं काम आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. तरी आपण ते फुकट आणि अगदी मन लावून करतो. कुलाबा जिल्ह्यातल्या आंबेखार गावचे पोलीस पाटील धर्माजी म्हात्रे यांचा तर तो रोजचाच उद्योग होता. संध्याकाळी ओटीवर पानाचं तबक आलं आणि चार माणसं टेकली, की विषय ठरलेला असे : कच्छी आणि घाटी.

दोघंही एकाच साली गावात आले होते. वर माणदेशात दुष्काळ पडला, तेव्हा गुणाजी आणि त्याच्याबरोबर काही कुटुंबं घाट उतरून खाली आली. त्याच हिवाळ्यात मुंबईच्या मचव्यातून नानजी नावाचा एक कच्छी आपल्या बायकोला, केसरला, घेऊन बंदरावर उतरला. आता एकोणीसशे बत्तीस साल उजाडलं होतं. नानजीचं बंदरावर कौलारू दुकान होतं, वर माडी होती. गुणाजीची माणसं मात्र अजून खारबांधाच्या कडेला, माडाच्या झावळ्यांच्या खोपटांत राहत होती.

"दोघं एकाच वर्षी आलं," धर्माजी म्हणायचे. "एकानं माडी चढवली, दुसऱ्याला भिंत घालता आली न्हाय. अक्कल लागते, अक्कल!"

पण हे धोरण कायम नसे बरं का! दुकानात तेल महागलं, की पाटलांचा काटा लगेच दुसरीकडे झुके. मग घाटी गरीब असला तरी घामाचं खातो, आणि कच्छी आपल्या जिवावर फुगतो, असं ठरे. म्हणजे एकाला शिव्या द्यायच्या असल्या की दुसऱ्याची स्तुती करायची. दोघांपैकी कुणाच्याही दारात पाटील कधी पाच मिनिटं बसले नव्हते.

या बैठकीत बिन्याजी चौलकर नावाचे एक म्हातारे गृहस्थ बसत. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नोकरी करून ते गावी परतले होते. जातीने शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे इथले यहुदी. त्यांच्या पूर्वजांचं गलबत याच किनाऱ्यावर फुटलं, असं ते लोक सांगतात. पण त्याला इतक्या पिढ्या लोटल्या, की गावाला त्याचा विसर पडला होता. बिन्याजी ऐकत फार आणि बोलत कमी.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला गावावर मोठा घाला पडला. आंबेखारची भातशेती खाडीला लागून, भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये मातीचा मोठा बांध आणि त्या बांधात उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी झडपेचं दार. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं आणि भरती आली की आपोआप मिटतं. त्या दारावर सगळ्या गावाचा घास अवलंबून.

अमावास्येचं उधाण भर दुपारी आलं. गावातले जवळजवळ सगळे बापे त्या वेळी घरी होते, कारण पितरांचा घास कावळ्याने शिवल्याशिवाय कुणी जेवत नाही. तेवढ्यात नानजी धोतर सावरत, धापा टाकत वेशीतून आत आला. "धावो! पाणी! उघाडी उघडी छे!" असं ओरडत तो घराघरांपुढून पळत सुटला.

लोक ताटावरून उठून धावले. पोटरीतलं भात निम्म्याच्या वर खाऱ्या पाण्यात उभं होतं. उघाडीपाशी गुणाजी आणि त्याची माणसं छातीभर पाण्यात होती. झडप नुकतीच मिटली होती. गुणाजीच्या हातात एक जाड, ओला ओंडका होता.

"ह्यो आत अडकावला हुता, पाटील," तो दम खात म्हणाला. "चौघांनी वडला, तवा निघाला."

 सगळे ओंडक्याकडे बघत होते, मग गुणाजीकडे, आणि मग एकमेकांकडे. पिकात पाणी शिरायला जेवढा वेळ लागला, त्याहून कितीतरी कमी वेळात संशय शिरला!

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. कारणं शोधावी लागली नाहीत, ती आयती तयार होती. घाट्यांची खोपटं उघाडीजवळ. ओंडका त्यांच्या हातात सापडला. शिवाय बांध खराब झाला की दुरुस्तीची मजुरी कुणाला मिळते? त्यांनाच! आणि कच्छी? गाव घरात असताना हा बांधावर काय करत होता? पाणी शिरलं हे सगळ्यांच्या आधी त्याला कसं कळलं? जमीन खारली, पीक गेलं, की पडत्या भावात शेतं कोण घेणार?

"दोघं मिळालेले हायत," धर्माजींचा धाकटा भाऊ रावजी खाली मान घालून म्हणाला. मान खाली का होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बिन्याजी उठले. "धर्माजी, काल जो माणूस ओरडत आला तो चोर, आणि ज्यांनी पाण्यात उतरून दार मिटवलं ते चोर! मग घरात पितरांना जेवू घालत बसले होते, ते तेवढे साव?"

"मंग तो कच्छी तिथं गेलेला कशाला?" एकाने विचारलं.

"मी विचारलं त्याला. त्याच्या बापाचा घास खाडीवर ठेवायला गेला होता. तुमच्या घरी पितराला चार माणसं जेवायला येतात. त्याच्या घरी कोण येतं? मागे त्याची पोरगी तापाने गेली, तेव्हा तिच्यामागून गावातलं एक माणूस चाललं नाही. केसरबाईला एक हळदीकुंकू कुणी दिलंय? तुम्ही म्हणता कच्छी सुखी. त्याच्या माडीवर भिंती आहेत, पण माणूस नाही."

"ते आसंल. पण घाटी तर खायला महाग हायत!"

"आहेत. का आहेत तेही ऐक. नानजी आला, तेव्हा मुंबईतल्या त्याच्या जातभाईंनी विश्वासावर माल पाठवला. तुम्हाला मीठमिरची दारात हवी होती, म्हणून तुम्ही त्याला बंदरावर जागा दिलीत. गुणाजीच्या पाठीशी कोण होतं? पोरंबाळं, आणि डोक्यावर गाठोडं. तुम्ही त्याला कोरडी जागा दिली नाहीत, का तर मग तो कायमचा राहील! तुमच्या विहिरीवर त्याची घागर चालत नाही, त्याची बायको गढूळ डबक्याचं पाणी गाळून पिते. दोघं एकाच साली आले हे खरं. पण तुम्ही त्यांना एकसारखं घेतलं का? एकाचा माल घेतलात आणि माणूस नाकारलात. दुसऱ्याचे हात घेतलेत आणि घर नाकारलंत. आणि आता दोघांचं कसं चाललंय म्हणून मापं काढता!"

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "यांचं काय जातंय बोलायला! हे पन भायेरचेच की!"

बिन्याजींचा चेहरा उतरला. "आलो खरे बाहेरून," ते हळू म्हणाले. "कधी आलो, ते तुझ्या पणजोबालाही सांगता आलं नसतं. पण तुला ते आज बरोबर आठवलं!"

धर्माजींना तो टोमणा लागला, पण तो गिळून त्यांनी निकाल दिला. घाट्यांनी उद्या सकाळी खोपटी मोडून गाव सोडावं. नानजीच्या दुकानात कुणी पाऊल टाकू नये. लोकांनी माना डोलावल्या. निकाल लागला की पोटात जरा थंड वाटतं, मग तो न्याय असो की नसो!

पाटील घरी आले आणि पाय धुवायला मागच्या तळ्यावर गेले. आगऱ्याच्या घरामागे तळं आणि तळ्यात जिताडा मासा, ही आमच्या खारेपाटातली शान. पाहुण्यांच्या ताटात आपल्या तळ्यातला जिताडा पडला नाही, तर माणूस महिनाभर तोंड लपवतो. धर्माजींचं तळं उन्हाळ्यात आटून रिकामं झालं होतं. पुढच्या वर्षी लेकीच्या सासरची माणसं येणार होती, म्हणून महिनाभर ते रावजीच्या मागे लागले होते : "कुठून पन आन, पन तलं भर!"

आणि आता तळ्याच्या पाण्यात बारीक बारीक चकाकी फिरत होती. ते वाकले. पाण्यात जिताड्याची पिल्लं होती! एक नाही, दोन नाही, थवाच होता!

"राही!" त्यांनी बायकोला हाक मारली. "ही पिल्लं कधी आली?"

"भावजींनी सोडली, अमावास्येला," राही आनंदाने म्हणाली. "तुमी पाराच्या गडबडीत, सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

धर्माजींना हिशेब लगेच लागला. इतकी पिल्लं जाळ्याने एका दिवसात मिळत नाहीत, हे आगऱ्याच्या पोराला पाळण्यात कळतं. भरतीच्या वेळी उघाडीची झडप ओंडक्याने थोडी उचलून धरायची, आत जाळं लावायचं, मग ती पाण्याबरोबर आपोआप येतात. गावाने ते कधीच बंद केलं होतं, कारण एकदा का उधाणाचा जोर बसला की झडपेतला ओंडका एकट्या माणसाला निघत नाही.

रावजी गोठ्याच्या आडोशाला उभा होता. दादाने नुसतं बघितलं आणि तो रडू लागला. "घटकाभरच ठेवनार व्हतो, दादा! मंग निघेचना! लय वडला! भ्यालो, न् पलालो!"

राहीला आता सगळं कळलं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि नवऱ्याजवळ सरकून कुजबुजली, "गप ऱ्हावा. घाटी काय, आज हितं, उद्या तितं. त्यांचं बिऱ्हाड पाठीवर. आपल्याला याच गावात ऱ्हायाचं हाय."

वाचकहो, राही वाईट बाई नव्हती. सणाला गुणाजीच्या पोरांना ती मूठभर पोहे द्यायची. पण परक्यावर संकट टाकलं की ते संकट राहत नाही, असं तिला वाटत होतं. आपल्यापैकी किती जणांना वाटत नाही? धर्माजींनाही वाटलं. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं नाही.

सकाळी गाव बांधावर जमलं, काहींच्या हातात कोयते होते. गुणाजीची बायको सोनाबाई खोपटाबाहेर गाठोडं बांधत होती. एक जण कोयता घेऊन पुढे झाला, तसा गुणाजी आडवा आला.

"घर मोडाया तुमची मानसं कशापायी? आमी बांधलंया, आमीच मोडतो," असं म्हणून त्याने वर हात घातला आणि आपल्याच छपराची पहिली झावळी ओढून काढली. आतून एका पोराच्या खोकल्याचा आवाज आला. गुणाजीने दुसरी झावळी ओढली.

"थांब!" धर्माजी ओरडले. "थांब, गुणाजी! हात लावू नको!"

सगळे वळले.  "ओंडका माझ्या भावानं घातला. माझ्या तल्यासाठी! मीच त्याला पिल्लं आन म्हनून सांगितलेलं. तुमचं भात माझ्या हावरटपनानं बुडलं. या मानसांनी दार लावलं नसतं, तर उरलंसुरलंही गेलं असतं. मला काल दुपारीच कललं. न् मी गप बसलो!"

बांधावर एकच गलका झाला. कुणी रावजीला शोधू लागलं, कुणी पाटलांना तोंडावर बोललं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. गलका थांबल्यावर ते म्हणाले, "ज्यांचं पीक गेलं त्यांना माझ्या वरच्या शेतातलं भात. न् गावाच्या माळावरची माझी कोरडी जागा गुणाजीच्या मानसांना. विहीर आजपासून मोकली."  बिन्याजींनी खाली पडलेली झावळी उचलली आणि गुणाजीच्या हातात परत दिली.

त्याच दुपारी धर्माजी नानजीच्या दारी गेले आणि ओटीवर पान खायला या म्हणाले. दार अर्धवट उघडून केसर बघत होती. त्यांच्या मागे अजून कोण आलंय, हे ती आधी पाहत होती. "हवे शुं थयुं?" आता काय झालं, असं तिने नवऱ्याला दबक्या आवाजात विचारलं. नानजीने हसून येतो म्हटलं, पण तो त्या दिवशी आला नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने आला तो ओटीच्या अगदी कडेला बसला.

माळावर नवी घरं उभी राहिली, मातीच्या भिंतींची. दिवाळीच्या सुमारास धर्माजी तिकडे गेले, तर सोनाबाईचं गाठोडं तसंच बांधलेलं, कोपऱ्यात.

"सोनाबाई, ते आता सोडा की," ते म्हणाले. "गावाला खरं काय ते कललं."

सोनाबाईने पदर सारखा केला. "कळलं, पाटील. तुमी खरं बोलला, म्हनून आमी ऱ्हायलो. पर पिल्लं तुमच्याच तळ्यात घावली, म्हनून खरं कळलं. घावली नसती, तर?"

 या प्रश्नाचं उत्तर तुम्हाआम्हाला तरी देता येईल का? परक्याचं घर मोठं झालं तर तो लुच्चा, लहान राहिलं तर तो आळशी, आणि काही वाईट घडलं तर दोघंही गुन्हेगार! बंधुभगिनींनो, दुसऱ्याचं बरंवाईट मोजायचंच असेल, तर आधी आपण त्याला काय दिलं आणि काय नाकारलं ते मोजा. आणि बोट दाखवण्याआधी आपल्या घरामागे एकदा जाऊन या. सोनाबाईच्या गाठोड्याची गाठ सुटायला पुढचा पावसाळा यावा लागला.