बोडका बांध

आमच्या जत तालुक्यात मे महिन्यात ज्याच्या शेततळ्यात पाणी, त्याच्या घरी लोक सोयरीक विचारायला येतात. आमच्या तळ्यात होळीपर्यंत माझ्या डोक्यावर पाणी होतं. त्यावर डाळिंबाची चारशे झाडं, फळं लिंबाएवढी धरलेली. माझा लेक कृष्णात मिलिटरीत. सुट्टीवर आला तेव्हा त्यानंच तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरला. कागदाला जप, एवढंच सांगून गेला.

संक्रांतीनंतर मी बांध साफ करायला जेसीबी लावला. घाणेरी, बोरी, कुसळ माजलेलं. शेजारची रंगुबाई म्हणायची, हिच्या शेताला दाढी आलीय. तिला दाखवायचंच होतं मला. मेंढरंवाले तात्याबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. बांधात उंदरांची बिळं हायत, मुंगूस हाय, एकमेकांवर त्यांचं भागतंय, घर मोडल्यावर जातील कुठं, असं त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडं धाडते मुक्कामाला," मी म्हणाले. "मेंढरांबरोबर तीबी राखा."

बांध असा चकचकीत निघाला की सून सृष्टीनं फोटो काढून कृष्णातला धाडला. मुंगूस दोन दिवस त्या उघड्या मातीवर मागच्या पायांवर उभं राहायचं, वर घार दिसली की पळायचं. मग ते रंगुबाईच्या बोरीत गेलं. उंदरांची चौकशी मी केली नाही.

होळीनंतर पाणी रोज चार बोटं उतरायला लागलं. मी म्हणाले, ऊन खातंय. सृष्टीनं मला तळ्याच्या भरावावरची भोकं दाखवली. कागदाखाली गार माती, ओल, घारीची भीती नाही. बांधातली सगळी उंदरं तिथं येऊन राहिली होती आणि कागद कुरतडत होती. ती म्हणाली, पाणी आहे तोवर भोकं बुजवूया. मी तिला विचारलं, उंदरांच्या शाळेत गेली होतीस का. आठ दिवस तसेच गेले.

गुढीपाडव्याला पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा मी लुगडं खोचून तळ्यात उतरले. कागद निसरडा, म्हणून सृष्टीनं माझ्या कमरेला दोर बांधून वर धरला. पायानं चाचपत भोक शोधायचं, चिंधी कोंबायची. एक बुजवलं की हातभर पलीकडं दुसरं. सतरापर्यंत मोजली.

"आत्या, वर या," सृष्टी म्हणाली. "फळं ठिवली तर झाडं जात्यात. ह्या पाण्यावर दोनी न्हाई जगत."

टँकर गावाला प्यायलाच पुरत नव्हता, बागेला कोण देतं. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी घेऊन फळं तोडायला पहिल्या ओळीला मीच उभी राहिले. गड्यांना हात लावू दिला नाही. हिरवी, कडक फळं, देठ सोडायला तयार नव्हती. तात्याबा मेंढरं घेऊन रस्त्यानं गेले. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं.

तिसऱ्या दिवशी ऊन कलताना शेवटची पाटी बांधाशी ओतली आणि तिथंच बसले. भरावावरून एक उंदीर उतरला. ढिगातलं फळ पुढच्या पायांत धरून सोलायला लागला. मी चप्पल उचलली.

हाकलला असता तर तो परत कागदाखालीच गेला असता. मी चप्पल खाली ठेवली आणि त्याला खाऊ दिलं.