पोळ्याला न जुंपलेली मोटार

मी एक जुनी, उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील अशी विलायती मोटार आहे. आहे, मित्रांनो, ‘होती’ म्हणू नका. ताराचंदच्या गॅरेजमागे, चिंचेखाली, मला विटांवर ठेवली आहे. माझ्या डिकीत एक कोंबडी अंडी घालते. येणारा-जाणारा माझ्याकडे बघून चुकचुकतो. चुकचुकू दे. मी माझी हकीकत सांगणार आहे, आणि त्यात रडगाणं नाही.

माझा जन्म विलायतेतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. माझे पत्रे हातांनी ठोकून वळवले होते, आणि रंग दिला होता गर्द हिरवा, ओल्या विड्याच्या पानासारखा. मँगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबाने मला बोटीने मागवली. साहेब मायदेशी परतला तेव्हा नागपूरच्या डॉक्टरीण गोपिकाबाईंनी मला घेतली. लोक म्हणाले, “बाईमाणसाला ही कशाला? शर्यतीत जायचंय का?” बाई म्हणाल्या, “बाळं घड्याळ बघून जन्माला येत नाहीत. मला रोजच शर्यत आहे.”

काटोलच्या बाजारात आम्ही शिरलो की संत्र्यांचे सौदे थांबत. मला हात लावायला पोरं धावत, आणि म्हातारे त्यांना दटावून स्वतःच हात लावत. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

गोपिकाबाईंनी आपल्या भाचीला, प्रमोदिनीला, माझ्यावरच गाडी शिकवली. “क्लच हळू सोड गं! पायाखाली मांजराची शेपटी आहे असं समज,” त्या ओरडायच्या. प्रमोदिनी मुळातली भित्री. पण भित्री होती म्हणूनच ती नीट चालवायची. वळणाआधी भोंगा, उताराआधी ब्रेक, निघण्याआधी चारही चाकांना एक फेरी. पुढे बाईंचे गुडघे धरले, आणि प्रमोदिनीचं लग्न झालं तेव्हा मीही तिच्यामागोमाग धरमपेठेत आले.

तिचा नवरा वसंत हिंगण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. तो कंपनीच्या बसने जायचा. गाडी त्याला येत नव्हती, आणि शिकायचीही नव्हती. “दिवसभर यंत्रंच बघतो. घरी तरी मला माणसात राहू दे,” म्हणायचा. त्यांना मुलगी झाली, चारुशीला. चारूला लहानपणापासून धाप लागायची. हवा पालटली की तिची छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. वसंत कारखान्यात असायचा, रिक्षा वेळेवर मिळायची नाही. मग प्रमोदिनी तिला माझ्या सीटवर उशीला टेकवून बसवायची, जुन्या लुगड्याची पट्टी करून दोन गाठी मारायची, तिसऱ्यांदा ओढून बघायची, आणि आम्ही निघायचो. शेजारच्या अंजनाबाई गॅलरीतून म्हणायच्या, “काय वं, लेकरू घेऊन उघड्या गाडीत? पडलं म्हंजे?” प्रमोदिनी भोंगा वाजवायची. ते उत्तर मी द्यायचे.

डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत तिचा एकही गिअर चुकत नसे. इंजिन बंद केल्यावर मात्र ती माझ्या स्टिअरिंगला कपाळ टेकायची. ते फक्त मला माहीत होतं.

आता पोळ्याची गोष्ट.

त्या साली प्रमोदिनीचे सासरे, आनंदराव, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला काटोलहून मुलाकडे आले होते. डोळ्यांवर हिरवी पट्टी, आणि डॉक्टरांची ताकीद की इतक्यात गावी जायचं नाही. पोळा आला. बैल गावी आणि मालक धरमपेठेत! म्हाताऱ्याचा जीव कासावीस झाला. आदल्या संध्याकाळी ते चाचपडत अंगणात आले आणि माझ्या मडगार्डवर हात ठेवून म्हणाले, “सूनबाई, तूप-हळद आण. या घरचा बैल हाच.”

“मामंजी, ही गाडी आहे. बाई आहे ती,” प्रमोदिनी हसून म्हणाली.

“घरचं वझं वाहते ना? मंग बैलच.”

त्यांनी माझे दोन्ही मडगार्ड तूप-हळदीने शेकले, बैलाचे खांदे शेकतात तसे. कानाशी लागावं तसं भोंग्याशी वाकून म्हणाले, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.” दुसऱ्या दिवशी बोनेटवर झूल, दिव्यांना बाशिंग, पुढ्यात पुरणपोळी. मित्रांनो, एवढा मान मला साहेबानेही दिला नव्हता. मी फुगले होते.

पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आनंदरावांनी माझी किल्ली देवघरात ठेवली.

पाऊस पहाटेपासूनच कोसळत होता. आमच्या घरामागून नाला जायचा आणि पुढे नाग नदीला मिळायचा. प्रमोदिनी दर थोड्या वेळाने खिडकीत जात होती. नाल्याकाठचा धुण्याचा दगड बुडाला. मग पेरूचं बूड बुडालं. ती बाहेर येऊन म्हणाली, “मामंजी, गाडी वरच्या रस्त्यावर लावते. पाणी चढतंय.”

“आज नाही. आज त्याले जुपत नाहीत.”

“जुंपत नाही, नुसती हलवते.”

“हलवणं म्हंजेच जुपणं, सूनबाई. नाल्याचं पाणी काय, येते आन् जाते. काहून घाबरून राहिली?”

ती वसंतकडे वळली. तो हळूच म्हणाला, “राहू दे ना. डोळ्याचं ऑपरेशन झालंय बाबांचं. आज त्यांचं मन मोडू नको.”

ती पुन्हा खिडकीत गेली.

अंधार पडायच्या आत नाला अंगणात आला. माणसं अंजनाबाईंच्या माडीवर गेली, चारू तिच्या आईच्या खांद्यावर. मी झूल पांघरून, बाशिंग बांधून, जिथे होते तिथेच बुडाले. पाणी ओसरलं तेव्हा माझ्या सीटवर बोटभर गाळ होता आणि स्टिअरिंगला कुणाच्या तरी पोळ्याचं तोरण अडकलं होतं.

ताराचंदने मला बैलगाडीमागे बांधून इथे आणली. हो, बैलगाडीमागेच. त्याने बोनेट उघडलं, नळी झटकली, आणि प्रमोदिनी, वसंत, आनंदराव असे तिघं समोर उभे असताना सांगितलं, “बाईसाहेब, इंजनमध्ये गाळ घुसला, वायरिंग पूरी गेली. पार्ट आता विलायतेतबी भेटत नाही. खोटी उम्मीद काहून देऊ?”

प्रमोदिनीने माझ्या दारावरचा चिखल पदराने पुसला. थोडासाच, एवढा एक हिरवा चौकोन निघाला.

आनंदरावांची पट्टी तेव्हा निघाली होती. डोळे लाल होते, ते ऑपरेशनमुळे असतील. ते घसा खाकरून म्हणाले, “झालं ते झालं. म्या दुसरी गाडी घेतली आहे. मोठी, बंद, चार दरवाज्यांची. आमचा डायवर धोंडबा ती काटोलहून घेऊन बाहेर उभा आहे. आता तोच चालवीन. तू पोरीले घेऊन मागं बसत जा, राणीसारखी. हा धोका नको आता.”

“कोणता धोका, मामंजी?”

“पाह्यलं ना, पुरात काय झालं ते?”

प्रमोदिनी या घरात कधी मोठ्याने बोलली नव्हती. त्या दिवशीही आवाज चढला नाही तिचा. पण ती थांबलीही नाही.

“पुरात गाडी गेली ती मी चालवली म्हणून नाही. मला चालवू दिली नाही म्हणून गेली.”

वसंत खाली बघू लागला. ताराचंद उगाचच एक पाना शोधू लागला. मला भोंगा वाजवावासा वाटला. पण भोंग्यात गाळ होता.

“म्हंजे बैल म्याच बुडवला म्हणतं?” आनंदराव म्हणाले.

“हो,” प्रमोदिनी म्हणाली. “आणि मी गप्प बसले. आता नाही बसणार. चारूला धाप लागते तेव्हा हे हिंगण्याला असतात. धोंडबा जेवायला गेलेला असेल, तर मी काय मागच्या सीटवर राणी होऊन बसू? माझी गाडी माझ्या हाताने गेली असती, तर मी काही बोलले नसते. नवी येईल ती मी चालवेन. नाहीतर नकोच. मी चालत नेईन पोरीला.”

म्हाताऱ्याने माझ्या मडगार्डवरचा वाळलेला गाळ अंगठ्याने खरवडला. मग म्हणाला, “जीभ चांगली चालते तुझी. ते मोठं धूड चालते काय, ते दाखव.”

बाहेर ती पांढरी गाडी उभी होती. केवढी ती! म्हैस बसल्यासारखी. गिअर जमिनीवर नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला. प्रमोदिनीने आधी चारही चाकांना फेरी मारली. पाय पुरेनात, म्हणून ताराचंदने पाठीमागे गोणपाट गुंडाळून दिलं. पहिल्यांदा गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. मागून येणारी बैलगाडी थांबली. गाडीवान ओरडला, “अरे पाहा गा, बाई चालवून राहिली!” चार टाळकी हसली. दुसऱ्यांदाही बंद.

धोंडबाने पुढे हात केला. “मी लावू का, वहिनी?”

“तू मागे बस,” ती म्हणाली.

“मागं?”

“बस ना गा,” आनंदराव खेकसले आणि स्वतःच मागचं दार उघडून आत सरकले. धोंडबा मालकाशेजारी अंग चोरून बसला. वसंत पुढे. तिसऱ्या खेपेला प्रमोदिनीने क्लच हळू, फार हळू सोडला, आणि ते पांढरं धूड चढावर लागलं. मी ऐकत होते. पहिला, दुसरा, तिसरा. एकही गिअर करकरला नाही. कोपऱ्यावर वळताना भोंगा वाजला. मागच्या काचेतून दिसलं, मागे बसलेले दोघंही दाराच्या मुठी घट्ट धरून बसले होते.

माझ्या जागी ती आली. येऊ दे. मी तिचा हेवा करत नाही. ती चालती आहे, आणि चालवणारी माझ्या हाताखाली शिकली आहे. पण मित्रांनो, एक ध्यानात धरा. वस्तूला हळद लावून, हार घालून, झाकून ठेवली की ती जपली असं होत नाही. तिला वेळेवर हलवावी लागते. आणि घरात एखादी बाई वारंवार खिडकीत जाऊन पाण्याकडे बघत असेल, तर तिला भित्री म्हणू नका. उठा, आणि ती काय सांगते ते करा.

बाकी, मला भंगार म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण जरा लांबून. माझे पत्रे गंजले असले तरी धार गेलेली नाही. बोट कापलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल, आणि ते फार दुखतं.