पाठीवरचं नाव

अहो, जरा जिन्याखाली बघा. झाडूच्या शेजारी. होय, मीच हाक मारते आहे, या सरकारी दवाखान्यातली चाकांची खुर्ची. घाईत असाल तर खुशाल जा. पण पाय दुखत असतील तर टेका थोडा वेळ आणि माझी गोष्ट ऐका.

मी कारखान्यात जन्मले. नळ्या वाकवल्या, चाकं बसवली आणि बैठकीच्या खाली एक पत्र्याची पट्टी ठोकली, ‘सरकारी मालमत्ता’. तेच माझं कुळ. पण इतकं खाली वाकून कुणाचं कुळ कोण बघतं?

मी इथे उतरले त्याच दिवशी एका शेठजींनी दान दिलेला पाण्याचा कूलरही आला. कारकुनाने रंगाऱ्याला सांगितलं, "आज आलेल्या वस्तूंवर शेठजींचं नाव घाल." रंगारी बिचारा हुकमाचा ताबेदार. त्याने कूलरवर नाव घातलं आणि माझ्याही पाठीवर घातलं, ‘यांजकडून सप्रेम भेट’, वर वेलबुट्टी फुकट. शेठजी फोटोला आले, मला पाहून क्षणभर गोंधळले आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून छान हसले. आयत्या बिळावर नागोबा! तरी माणूस वाईट नव्हता. त्यांच्या कूलरचं पाणी खरंच गार होतं.

चूक सुधारायची तर अर्ज करा, मंजुरी आणा. सरकारी काम आणि सहा महिने थांब. नाव राहिलं ते राहिलंच.

आणि त्या नावाने माणसं बदलायची. तापाने फणफणलेला हमाल असो की बाळंतीण, बसण्याआधी पाठीवरचं वाचायचे आणि हात जोडायचे. बसायचे तेही अगदी कडेला, अंग चोरून, जणू कुणी येऊन उठवणार आहे. मला फार वाईट वाटायचं. आजारी माणसाने निदान नीट टेकून तरी बसावं ना!

मला ढकलायचे ते मामा, म्हणजे दवाखान्याचे जुने शिपाई. बोलायला खाष्ट, पण माझ्या चाकांना तेल घालताना हात असा मऊ की विचारू नका. त्यांची आणि ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टरची रोज जुंपायची.

"उपचार हा माणसाचा हक्क आहे, मामा. तुम्ही उपकार केल्यासारखं ओरडू नका लोकांवर," सिस्टर म्हणायच्या.

"हक्काचं म्हटलं की लोक हक्काने मोडतात, सिस्टर. त्या बाकाचा पाय बघा. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही."

बाकाचा पाय खरंच मोडलेला होता, म्हणून सिस्टर आपल्या खोलीत परतायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

एके दिवशी शिलाईवाल्या मावशी आल्या, लेकीच्या खांद्याला धरून. आयुष्यभर पायमशीन चालवून घर उभं केलेली बाई. साखरेचं दुखणं, त्यात पावलाला जखम. डॉक्टरांनी बजावलं होतं, "हे पाऊल जमिनीला लावायचं नाही. लावलंत तर वाचणार नाही." आणि पाऊल गेलं तर मशीन गेलं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मामांनी मला पुढे केलं. मावशींनी चष्मा सारखा करून माझी पाठ वाचली.

"दानाची आहे होय? नको. मी कुणाच्या दानावर बसले नाही आजवर."

"आई, हट्ट करू नकोस गं," लेक रडकुंडीला आली.

"फाटकं नेसले, पण स्वतःचं नेसले. चल."

आणि त्या निघाल्या. ड्रेसिंगची खोली व्हरांड्याच्या पार त्या टोकाला. भिंतीला धरून, ओठ दाबून चालत होत्या. पांढऱ्या फरशीवर त्यांच्या मागे लाल ठिपके पडायला लागले. मी काय करणार? मला चाकं आहेत, पण माझी मी हलू शकत नाही. माझी चाकं असून नसल्यासारखी झाली.

तेवढ्यात मामांनी मला धरलं, धाडधाड पुढे नेलं आणि भर व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, उलटं केलं! माझे पाय वर, बैठक खाली. लाजेने अर्धमेली झाले मी.

"वाचा, मावशी. ही पट्टी वाचा," मामा धापा टाकत म्हणाले. "दानाची नाही ही. सरकारी आहे. रंगाऱ्याची चूक आहे ती. तेल घालताना रोज बघतो मी."

सिस्टर दारात येऊन उभ्या होत्या. "मामा! माहीत होतं तुम्हाला? आणि बोलला नाहीत?"

मामांची मान खाली गेली. "मोठ्या माणसाचं नाव बघून लोक जपतात हो हिला. सरकारी कळलं की दोन दिवसांत मोडतील, असं वाटलं."

मावशी मात्र पटकन विरघळणाऱ्यांतल्या नव्हत्या. "शेठजींचं फुकट काय नि सरकारचं फुकट काय! फुकट ते फुकटच."

सिस्टरनी जाऊन त्यांचा दंड धरला. "मावशी, दोऱ्याचं रीळ घेता ना? त्यात कर असतो. तो कुठे जातो? त्यातूनच येते ही. दवाखाना, मी, मामा, सगळं त्यातूनच."

"मशीनच्या तेलावर पण असतो?"

"तेलावर पण."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक कापड पारखतं तसं पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे एक चाक तरी माझंच म्हणायचं."

आणि बसल्या. कडेला नाही, चांगल्या ऐसपैस, पाठ टेकून. इतक्या वर्षांत माझ्या पाठीला कुणाचा पुरता भार लागला तो त्या दिवशी. सुख म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

पुढे कित्येक आठवडे मी त्यांना नेलं-आणलं. पावलाची करंगळी गेली, पण पाऊल राहिलं. मग एका सकाळी मावशी एकट्याच आल्या, हळूहळू, पण स्वतःच्या पायांनी. पिशवीतून त्यांनी जाड कापडाची खोळ काढली, स्वतः शिवलेली. माझ्या पाठीवर चढवली आणि शेठजींचं नाव झाकलं गेलं. खोळीवर निळ्या दोऱ्याने भरलं होतं, ‘बसा, आपलीच आहे.’

मामांनी दोनदा वाचलं. "मावशी, खाली ‘जपून वापरा’ पण घाला की."

मावशी हसल्या. तिथेच बाकावर बसून त्यांनी तेही भरलं.

आता मामा निवृत्त झालेत. माझं एक चाक जाम आहे, म्हणून मी इथे जिन्याखाली. दुरुस्तीचा अर्ज गेलाय म्हणे. खोळ धुऊन धुऊन विटली, पण अक्षरं अजून लागतात. व्हरांड्यात लोक अजून वाद घालतात, सरकारने उपचार द्यावेत की ज्याचं त्याने बघावं. मला तेवढी अक्कल नाही. मी फक्त बसणाऱ्यांचं वजन ओळखते, आणि अंग चोरून बसलेल्या माणसाचं वजन मला कधीच पुरतं कळलं नाही.

चाक सुरू झालं की मी पुन्हा व्हरांड्यात येईन. तुमच्यावर वेळ न येवो, पण आलीच तर बसताना हात जोडू नका. पाठ टेका. आणि उतरताना तेवढा ब्रेक लावा, तुमच्या मागे कुणीतरी उभं असेल.