पहिल्या पानांचं रजिस्टर

गाडी क्रमांक: ३१
आढळलेला बिघाड: "प्रिय वीरण्णास. तुझ्यासारखे अधिकारी असले तर योजना कागदावर राहणार नाहीत." खाली लेखकाची सही, २००९.
केलेलं काम: फोन लावलो. साहेब म्हणले, तुमच्याकडंच ठेवा.
शेरा: डेपोत.

गाडी म्हणजे पुस्तक. रजिस्टर बस डेपोतलं, रकाने कानडीत छापलेले. पप्पा ते मराठीत भरतात. माझे वडील पिराजी हेल्पर म्हणून लागले आणि हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले; दुसऱ्या कुठल्या रकान्यांत त्यांना विचार करता येत नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुणी हातानं लिहिलेलं असेल ते 'बिघाड' या रकान्यात जातं.

"बिघाड कामून?" मी एकदा विचारलं.

"तेच्यामुळंच तर ते रद्दीत आलंय. कोरं असतं तर कुणाला तरी भेट देता आलं असतं."

बीदरच्या नौबाद भागातल्या आमच्या घरात आजवर अशी एकशे त्रेचाळीस पुस्तकं आली. सगळी इंग्रजी, सगळी एकाच जातकुळीची. कचेरी कशी चालवावी, माणसांकडून काम कसं करून घ्यावं, सरकारची योजना गावापर्यंत का पोचत नाही. पप्पा इंग्रजी वाचतात ते बसच्या पाट्या वाचाव्यात तसं, एकेक अक्षर. आतलं त्यांनी काही वाचलेलं नाही. फक्त पहिलं पान. तेही मी मराठी करून सांगते, मग ते लिहितात.

एकशे त्रेचाळीस सह्या. एकही त्यांच्या नावाची नाही.

*

आमच्यात कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापतात: हार-शाल आणू नये, पुस्तक आणावे. चांगली रीत आहे. फक्त पुस्तकं येतात ती चमकी कागदात गुंडाळून, आणि ज्याला मिळाली तो कागद सोडत नाही. सोडला तर पुन्हा गुंडाळावं लागतं. ती तशीच कपाटात जातात आणि पुढच्या कुणाच्या तरी निरोप समारंभाला, घरभरणीला तशीच बाहेर पडतात. वरची नावाची पट्टी तेवढी बदलायची. एक पुस्तक तीन घरं फिरून आमच्याकडंच परत आलं होतं. आईनं कागदाच्या फाटक्या कोपऱ्यावरनं ओळखलं.

३१ जानेवारी २०२१ ला पप्पा निवृत्त झाले. सदतीस पुस्तकं आली. त्यातलं एक माझा भाऊ अमरदीपनं मंचावर दिलं. तो बेंगळुरूत एका संस्थेत होता. सरकारी योजनांचं काय झालं ते गावोगाव जाऊन तपासायचा. पप्पा पाया पडणाऱ्यांच्या गर्दीत होते. त्यांनी ते घेतलं, डोक्याला लावलं, बाजूच्या ढिगावर ठेवलं.

पंधरा दिवसांनी मी शिकवते त्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस सुधारानी मॅडमची बदली झाली. सकाळी शाळेला उशीर झालेला, मी कपाटापुढं उभी.

"पप्पा, एक पुस्तक नेऊ का?"

"ने की. वरचं कुठलंबी ने."

मी वरचं नेलं.

*

एप्रिलमध्ये अमरदीपचा फोन आला. स्पीकर चालू होता. मी आणि आई तिथंच शेंगा फोडत होतो.

"पप्पा, माझं पुस्तक उघडलाव का?"

पप्पांनी कपाटाकडं बघितलं. "व्हय."

"पहिलं पान वाचलाव?"

"वाचलो की."

"मग? काय म्हणता तुमी?"

"व्हय म्हणतो. तू इचार करूनच लिहिला असशील."

"खरंच? मला वाटलं तुमी चिडताव." तो हसला. लहानपणी हसायचा तसा, नाकातून. "मग ठरलं. मे महिन्यात येतो. समोरासमोर बोलू."

फोन ठेवल्यावर पप्पा म्हणाले, "पंचशीला, ते पुस्तक काढ बघू. कशाला व्हय म्हणलो ते तरी बघू."

ते नव्हतं. मॅडमना नेलं ते तेच असणार, असं मी सांगितलं. मॅडमकडनं आणू, म्हणालो. मे महिन्याला वेळ होता.

मे महिन्याच्या एकोणीस तारखेला अमरदीप बेंगळुरूच्या दवाखान्यात कोरोनानं गेला. चौतीस वर्षांचा. तिथंच कुणीतरी त्याला अग्नी दिला.

तेव्हा बसगाड्या बंद होत्या. पप्पांनी उभं आयुष्य बसगाड्या चालू ठेवण्यात घालवलं होतं.

*

त्याच्या खोलीतला मित्र एवढंच सांगू शकला: "काहीतरी ठरवलं होतं त्यानं. घरून होकार आला म्हणून आम्हाला जेवायला नेलं. काय ते पक्कं झाल्यावर सांगतो म्हणाला."

सुधारानी मॅडम लॉकडाऊनमध्येच कलबुर्गीला राहायला गेल्या होत्या. तिथं सामान लावताना नको ते बाहेर काढलं. आम्ही गेलो तेव्हा त्या रडल्या. "अकरा पुस्तकं होती हो. एक उघडलं मी. निळं. मॅनेजमेंटसारखं काहीतरी. आत हातानं लिहिलेलं दिसलं, पण ते कुणाचं तरी घरचं वाटलं, मी वाचलं नाही. असं लिहिलेलं पुढं कुणाला द्यायचं? रद्दीत टाकलं."

दुसऱ्याचं वाचू नये, एवढ्या त्या चांगल्या आहेत.

तेव्हापासून दर रविवारी पप्पा सकाळच्या बसनं कलबुर्गीला जातात. बीदरच्या रद्दीवाल्यांकडं मधल्या वारी.

*

गाडी क्रमांक: ५८
आढळलेला बिघाड: "बेटा, पहिल्या नोकरीसाठी. तुझे अब्बा." सही उर्दूत.
केलेलं काम: पत्ता न्हाई. दोन मशिदीत इचारलो.
शेरा: डेपोत. वरच्या फळीवर.

*

कलबुर्गीत सुपर मार्केटच्या मागं लिंगराजचं रद्दीचं दुकान आहे. पहिले सहा महिने तो पप्पांना प्रोफेसर समजत होता.

"बा अण्णा, बा. आज दो निकले. सहीवाले." कानडीत 'या' म्हणून तो हिंदीवर यायचा; पुस्तकं वेगळी काढून ठेवलेली असायची. एकदा न राहवून त्यानं विचारलंच, "सर, आप कौनसे कॉलेज में थे?"

"डेपो नंबर एक."

"मतलब?"

"इंजिन खोलता था."

लिंगराज बराच वेळ हसला, मग म्हणाला, "तो मेरी गाडी देखो ना जरा." तेव्हापासून पप्पा आधी त्याच्या मोपेडचा आवाज ऐकतात, मग ढिगापाशी बसतात. अमरदीपचं अक्षर ते उलटं धरूनही ओळखतील. म्हणजे एका नजरेत कळतं: हे ते नाही. तरी ते घेतात.

"आपलं न्हाई तर कशाला आणायचं?" आई म्हणजे शोभाबाई विचारते.

"ज्याचं हाय तो हुडकीत असंल तर?"

"बायकोच्या नावानं कधी दोन अक्षरं लिहिलाव न्हाईत, आन् दुनियेच्या सह्या सांभाळायलाव."

खरोखर ते फोन लावायचे. पुस्तकात नाव-हुद्दा असायचा, आम्ही नंबर शोधायचो.

"साहेब, नमस्कार. बीदरहून पिराजी बोलायलो. तुमचं एक पुस्तक माझ्याकडं हाय."

"कुठल्या पक्षाचे तुम्ही?"

"पक्षाचा न्हाई, डेपोचा."

बहुतेक साहेबांना ते पुस्तक आठवत नसे. काहींना आठवायचं आणि त्यांचा आवाज लहान व्हायचा. एकजण फक्त आला घ्यायला, भालकीहून. लिहिणारा गेला होता म्हणाला. चहा न घेता पुस्तक छातीशी धरून गेला. रजिस्टरात तेवढ्या एका ओळीपुढं शेरा आहे: गाडी सोडली.

*

आता मी जे सांगितलं नव्हतं ते.

त्या सकाळी कपाटापुढं मी 'कुठलंबी' उचललं नव्हतं. वरच्या पुस्तकावर पट्टी होती. अमरदीपचं अक्षर होतं. मी वाचलं. कागद नवा होता, कोपरे धड होते, बाकीचे सगळे चुरगळलेले. पप्पा इंग्रजी थोडंच वाचणार, असं मनात आलं. त्या पट्टीवर मी दुसरी पट्टी चिकटवली: 'आदरणीय मॅडम यांस'.

चार वर्षं घरात सगळे म्हणायचे, पप्पांनीच 'वरचं कुठलंबी ने' म्हणून सांगितलं. पप्पाही तेच म्हणायचे. मी म्हणू दिलं.

*

यंदा जुलैत पप्पा कलबुर्गीच्या बसस्टँडवर पाय घसरून पडले. उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने प्रवास बंद. पप्पा कॅलेंडरवर डाव्या हातानं रविवार खोडत बसायचे.

"मी जाते," मी म्हणाले.

लिंगराजच्या ढिगात मला एक निळं पुस्तक मिळालं. पहिलं पान कोरं.

"इसमें सही नै है अक्का. ये किस काम का?"

"असू दे."

अमरदीपच्या कॉलेजच्या वह्या ट्रंकेत होत्या. अक्षर जमलं, ते अवघड नव्हतं. अवघड होतं ते दुसरंच: त्यानं काय विचारलं होतं? मी तीन दिवस कच्च्या कागदावर लिहून बघितलं. पप्पा, लग्न करतोय, मुलगी आपल्यातली नाही. पप्पा, नोकरी सोडून पुस्तक लिहू का. पप्पा, आपल्या गावी मंठाळच्या रानात शाळा काढायची आहे. प्रत्येक ओळीनंतर मी पप्पांच्या आवाजात मनातल्या मनात म्हणायचे: व्हय म्हणतो. ज्या प्रश्नाला ते उत्तर सगळ्यात कमी दुखेल, तो प्रश्न मला हवा होता.

शेवटी लिहिलं: 'पप्पा, बेंगळुरू पुरे झालं. घरी येऊन राहू का? अमरदीप.'

ते सगळ्यात जास्त दुखणारं होतं. पण ते पप्पांनी मोठ्यानं वाचलं तेव्हा मला कळलं.

*

रविवारची दुपार. लिंगराजकडं सापडलं म्हणून मी ते पुस्तक पप्पांपुढं ठेवलं. आई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. पप्पांनी एकदा वाचलं. मग पान उलटलं आणि मागच्या बाजूनं डाव्या हाताचा अंगठा फिरवला. सावकाश, इंजिनच्या झाकणाला भेग आहे का बघतात तसा.

"पंचशीला."

"काय पप्पा."

"पेन दाबून लिहिलेलं पान चार वर्सं पुस्तकात मिटून राहिलं की मागचा उठाव बसतो. एकशे त्रेचाळीस बघितलो मी. ह्ये आठ दिवसांचं बी न्हाई."

मी त्यांच्या अंगठ्याकडं बघत होते.

"अक्षर चांगलं काढलीस," ते म्हणाले. "मला फसवायला न्हाई काढलीस, ते कळायलंय."

ते चिडले असते तर मी गप्पच राहिले असते. पण पप्पा ते निळं पुस्तक मांडीवरून खाली ठेवेनात, म्हणून मी बोलले. कपाट, कागद, पट्टी, पट्टीवर पट्टी. मला माहीत होतं कुणाचं आहे. मी वाचलं होतं.

आई म्हणाली, "गं माय." एवढंच.

पप्पांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी विचारलं, "काय हुतं पट्टीवर?"

"'पप्पा, आधी पहिलं पान.'"

"सांग पुन्यांदा."

"पप्पा, आधी पहिलं पान."

"चार वर्सं," ते म्हणाले. "चार वर्सं तुझ्यापाशी हुतं."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रजिस्टर टेबलावर उघडं होतं. डाव्या हातानं लिहिलेली वाकडी अक्षरं.

गाडी क्रमांक: १४४
आढळलेला बिघाड: लिहिणारा दुसरा. पोरीनं लिहिलं.
केलेलं काम: इचारलो. खरं सांगितली.
शेरा: डेपोत.

गाडी क्रमांक:
आढळलेला बिघाड: "पप्पा, आधी पहिलं पान."
केलेलं काम:
शेरा:

*

मला वाटलं होतं, सांगितलं की हे संपेल.

ऑक्टोबरात प्लास्टर निघालं. पहिल्या रविवारी पप्पा पहाटे उठून तयार. मी म्हणाले, मीही येते. ते नको म्हणाले नाहीत. बसमध्ये हुमनाबाद मागं पडलं. मग म्हणाले, "पट्टी कागदाला डिंकानं लावलीस का टेपनं?"

"टेपनं."

"मग बरं."

काय बरं, ते दुकानात कळलं.

"बा अण्णा! हात कैसा है? पाँच निकले, सहीवाले."

"ते ऱ्हाऊ दे," पप्पा म्हणाले. "लिंगराज, पुस्तकावरनं उतरतो तो चमकी कागद कुठं टाकतो तू?"

"वो? वो कोई नै लेता अण्णा. पीछे पड़ा है."

दुकानामागं पत्र्याच्या आडोशाला तो ढीग होता. लाल, सोनेरी, हिरवा. उन्हानं रंग उडालेला, पावसात चिकटून थर झालेला. चार वर्षांपूर्वीचा कागद त्यात असणं शक्य नव्हतं. मॅडमनी तो घरीच सोडला असेल, कचऱ्यात गेला असेल. लिंगराजनं माझ्याकडं बघितलं.

पप्पा खाली बसले. नुकतं सुटलेलं मनगट अजून वळत नव्हतं. एका हातानं कागद धरायचे, दुसऱ्या हाताच्या नखानं वरची पट्टी हळू उचलायचे आणि खाली अजून एक आहे का बघायचे.

"रंग कुठला हुता?"

"जांभळा," मी म्हणाले. "चांदीचे ठिपके."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि एक कागद उचलला.