तिसऱ्या रात्रीचा गजर

अक्षताला एक खोड होती. समोरची वस्तू कशी चालते ते कळेपर्यंत तिला अन्न गोड लागायचं नाही. लहानपणी तिने नवाकोरा मिक्सर खोलून ठेवला होता आणि मालनने, म्हणजे तिच्या आईने, पाठीत असा धपाटा घातला होता की शेजारची रेवती बघायला आली. पण खोड कसली जातेय! आता बाई विमा कंपनीत नोकरीला होती, दिवसभर लोकांचे क्लेम तपासायची, आणि घरी आली की हातात स्क्रूड्रायव्हर.

त्यामुळे बाबांचं भजन टीव्हीवर लावायचं काम तिच्याच गळ्यात पडलं, ह्यात नवल नाही.

झालं असं, की बोरिवलीच्या घरातल्या माळ्यावरून जुन्या व्हिडिओ कॅसेटी निघाल्या. गावच्या गणपतीच्या. कणकवलीकडच्या त्यांच्या वाडीत कोणीतरी मस्कतहून कॅमेरा घेऊन आला होता आणि त्या वर्षी त्याने पाचही दिवस दिसेल ते टिपून ठेवलं होतं. कॅसेटींना बुरशी लागलेली. अक्षताने मालाडच्या एका दुकानदाराचा पिच्छा पुरवून त्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. पण टीव्ही पडला जुना. पेनड्राइव्ह लावला तर म्हणे, फाइल चालत नाही. मोबाइलवर दाखवलं तर तिचे बाबा, धाकू घाडीगावकर, चष्मा वर-खाली करत म्हणाले, "ह्यात माणसा मुंग्यांएवढी दिसतत. टीव्हीवर लाव."

सांगायला सोपं! स्टेशनजवळच्या दुकानदाराने तर सरळ नवा टीव्हीच गळ्यात मारायचा घाट घातला. ऑफिसातला चैतन्य म्हणाला, खास व्हिडिओ साठवायचा डबा मिळतो, तो घे. डब्याची किंमत ऐकून अक्षता त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने घाटकोपरच्या हर्षदला फोन लावला. हर्षद तिचा सख्खा चुलत भाऊ. दोघांच्या वडिलांमध्ये बोलणं नव्हतं, पण ह्या दोघांचं गुपचूप व्यवस्थित चालू होतं.

"यार, डबा-बिबा काही नको," हर्षद म्हणाला. "तुझा तो बिजागरी तुटलेला लॅपटॉप आहे ना? त्यालाच सर्व्हर कर. आणि टीव्हीच्या मागे लावायची ती स्टिक येते, ती घे. झकास काम."

अक्षताने आठवडाभर त्यावर वाचलं, व्हिडिओ बघितले, डबा हवा की लॅपटॉप, वायर हवी की वायफाय, सगळं घोटून घोटून ठरवलं. लॅपटॉप हॉलच्या कपाटावर, राउटरच्या शेजारी, वायरने जोडून. त्याला हार्ड डिस्क. टीव्हीला स्टिक. आईने विचारलं, "सर्व्हर म्हणजे काय गो?"

"वाढपी गं आई. पंगतीत वाढतो ना, तसा. सगळं जेवण त्याच्याकडे. टीव्हीने मागितलं की हा कपाटावरून वाढणार."

"मग ह्यो वाढपी गरम कित्याक झालो?" मालनने कपाटावर हात लावून विचारलं. गरम होणारच! तिनेच त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून भरतकामाचा रुमाल पांघरला होता. अक्षताने रुमाल काढला. मालनने संध्याकाळी परत घातला. हे पुढे बरेच दिवस चाललं.

पहिल्या रविवारी सर्व्हरने गंमत केली. त्याला सवय अशी, की फाइलचं नाव बघून तो आपल्या मनाने सिनेमा ओळखतो आणि पोस्टर चिकटवतो. घरच्या गणपतीवर त्याने कुठल्याशा परदेशी भुताच्या सिनेमाचं पोस्टर डकवलं. रक्ताळलेला हात आणि खाली 'गणपती, पाच दिवस'. मालनने तोंडाला पदर लावला. "अगो बंद कर आधी ता!" अक्षता हसून हसून खाली बसली. मग तिने एकेक चित्र हाताने बदललं आणि संध्याकाळी टीव्हीवर गावचं घर दिसायला लागलं.

धाकू खुर्ची पुढे ओढून बसले. पडद्यावर ते स्वतः होते, काळ्या केसांचे, पेटीवर बसून गाणारे भजनाचे बुवा. आणि शेजारी पखवाजावर त्यांचा धाकटा भाऊ चंद्रप्रकाश, म्हणजे हर्षदचे वडील. कॅमेऱ्यावाल्याला चंदूचे हात फार आवडले असावेत, सारखा तिथेच जात होता.

आता ह्या दोन भावांचं का फाटलं ते सांगायला हवं. शेत नाही, घर नाही, पैसाही नाही. भांडण गणपतीच्या दिवसांवरून. त्यांच्या वडिलांनी गणपती बसवला तो पाच दिवसांचा. चंदू म्हणाला, मला कंपनी रजा देत नाही, दीड दिवसाचा करूया, कितीतरी लोकांनी केला. गिरणी बंद पडल्यावर गोदामात राबतानाही धाकूंनी एक गणपती चुकवला नव्हता, ते उसळले. "बापाशीन बसवलेलो देव तू घड्याळ बघून उठवतलस?" चंदूही त्याच मातीतला. "मग बसव तूच," म्हणाला आणि गेला. तेव्हापासून धाकू आणि मालन एकटे गावी जातात, पाच दिवस करतात. आरत्या होतात, भजन होत नाही. चंदूचा पखवाज बोरिवलीला माळ्यावर पडून आहे. त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला धाकूंना चालत नाही, आणि फोन करायचा तर नाक आडवं येतं. यंदा त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. गणपतीची तिकिटं काढायचे दिवस जवळ आले होते आणि ते काढा म्हणत नव्हते. "बघूया," म्हणायचे. पाच दिवसांचा गणपती आता त्यांच्याच हातून सुटणार की काय, अशी अक्षताला धास्ती होती.

तरी दुपारचं जेवण झालं की ते टीव्ही लावून बसायचे. आणि एक दिवस ओरडले.

"अक्षता! मी काल आरतीकडे थांबवलंय. ह्या फुडे कोणी नेल्यान?"

"तुम्हीच नेलं असेल बाबा. झोप लागली असेल."

"माका येडो समजतस?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. थांबवलं एकीकडे, सुरू होतंय भलतीकडेच. झालं! अक्षताची खोड जागी झाली. तिला रागबिग नाही, उलट आनंदच झाला. तिने वायर बदलली. स्टिक काढून परत लावली. लॅपटॉपवरचा रुमाल उचलून कपाटात कुलूपबंद केला. हार्ड डिस्क तपासली. काही फरक नाही. मग संशय आईवर.

"मी कित्याक बघू?" मालन फणकारली. "मी तेव्हा थयच होतंय, पन्नास माणसांचो चाय गाळत. माका कोणी टिपल्यानी काय?"

शेवटी अक्षताने जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. सर्व्हरच्या आत शिरून बघितलं. तो सगळ्याची नोंद ठेवतो, कुठल्या टीव्हीवर काय लागलं त्याची. तिथे दोन टीव्ही होते. एक बोरिवलीचा. दुसरा घाटकोपरचा.

तिने कपाळावर हात मारला. हर्षदने जुने व्हिडिओ मागितले तेव्हा तिने त्याला घरबसल्या इंटरनेटवरून बघायला आपलंच नाव आणि पासवर्ड देऊन टाकला होता. कोण प्रत्येकाचं वेगळं खातं उघडत बसणार? गावच्या घरासारखं सगळं एकाच नावावर. आणि एकच नाव म्हटल्यावर सर्व्हरला काय कळणार, की बघणारी माणसं दोन आहेत? एकाने सोडलं तिथून तो दुसऱ्याला वाढत होता.

तिने हर्षदला फोन केला.

"अगं, मीच तुला करणार होतो," तो म्हणाला. "तुझा सर्व्हर पार गंडलाय. पप्पा रोज रात्री जेवल्यावर लावतात आणि वैतागतात. म्हणतात, मी इथे सोडलंच नव्हतं."

अक्षता पोट धरून हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघे म्हातारे शहराच्या दोन टोकांना बसून एकाच यंत्राला शिव्या देत होते.

दोन खाती करणं म्हणजे चुटकीसरशी व्हायचं काम. कुरकुर मिटली असती आणि कोणाला काही कळलंही नसतं. तिने लॅपटॉप उघडला, नवं नाव लिहायला घेतलं आणि थांबली. मग हॉलमध्ये येऊन सरळ सांगून टाकलं.

"बाबा, ते चंदूकाका आहेत. तुम्ही दुपारी बघता, ते रात्री बघतात. एकच रीळ आहे दोघांचं."

मालनने सोलायला घेतलेला लसूण हातात तसाच. धाकूंनी विचारलं, "तो खंयसून खंयपर्यंत बघता?"

अक्षताने नोंद काढली. पहिला दिवस, दुसरा दिवस, विसर्जन, काही नाही. रोज एकच भाग. तिसऱ्या रात्रीचं भजन.

"दीड दिवस म्हणणारो माणूस तिसऱ्या रात्री काय करता हय?" धाकू म्हणाले. म्हणायचं होतं रागाने, पण आवाज फाटला. ते उठून गॅलरीत गेले आणि उगाचच तुळशीला पाणी घालून आले.

दुसऱ्या दुपारी त्यांनी स्वतः रिमोट घेतला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. तिसऱ्या रात्रीचं भजन रंगात आलेलं, गजराला तोंड लागायचं होतं. पडद्यावरच्या धाकूंनी पेटीवरून मान वळवली आणि हात उंचावून ओरडले, "चंदू, वाजव रे!" तिथे म्हाताऱ्या धाकूंनी बटण दाबलं. पडदा थांबला. चंदूचा हात पखवाजावर पडायचा राहिला.

"आता कोणी हात लावू नका," ते म्हणाले आणि रिमोट देव्हाऱ्याजवळ ठेवून दिला.

अक्षताने गुपचूप हर्षदला कळवलं. फक्त एवढंच, की ह्या वेळी बाबांनी मुद्दाम थांबवलंय, काकांना सांग.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये तिचं कामात लक्ष नव्हतं. घरी आली तर बाबा भजन नव्याने लावून टीव्हीसमोर. चित्र तिथेच, हात हवेत. म्हणजे घाटकोपरला पुढे गेलंच नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. धाकू तोंड पाडून बसले. जेवताना म्हणाले, "बघल्यान असतला आणि बंद केल्यान असतला. त्याका काय पडलाहा?" आणि थोड्या वेळाने, हळूच, "तब्येत बरी असा मा त्याची?"

अक्षताला राहवेना. तिने ताटावरूनच हर्षदला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "काका बघत नाहीत का रे आता?"

"बघतात ना!" हर्षद म्हणाला. "रोज लावतात. जरा मागे नेऊन तुझे बाबा 'वाजव रे' म्हणतात तेवढं ऐकतात आणि पुन्हा त्याच जागेला बंद करतात. मी म्हटलं, पप्पा पुढे तर जाऊ द्या. तर म्हणाले, दादाने ठेवलेली जागा आहे ती, आपण हलवायची नाही."

मालनने हातातला चमचा खाली ठेवला. धाकूंनी भाताचा हात तसाच ताटावर झटकला आणि डाव्या हाताने फोन ओढून घेतला.

"हर्षद, तुझ्या बापाशीक दे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी खाकरलं.

"चंदू," धाकू म्हणाले. "तुका रजा नसली तर दीड दिवस ये. उरलेले मी बसतंय. पण ये."

पलीकडून काही नाही. धाकूंनी फोन कानाला लावला, खाली घेतला, अक्षताकडे बघितलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "आवाज येणा नाय गो. बघ जरा, तुझ्या त्या वाढप्याचो काय बिघाड..."

अक्षताने फोन घेतला. बिघाड कसला! रेंज पूर्ण होती. तिने आवाज मोठा केला आणि फोन ताटांच्या मधोमध ठेवला. काका बोलत नव्हते. लाकडी टेबलावर बोटं पडत होती, आधी चाचपडत, मग जोरात, तिसऱ्या रात्रीच्या गजराचा ठेका.

धाकू ऐकत राहिले. मग डोळे पुसून, उष्ट्या हातानेच त्यांनी ताटाच्या कडेवर टाळ धरला.

"मालन," ते ओरडले, "माळ्यावरून पखवाज काढूक होयो. आणि तिकिटा काढ गो अक्षता, जातलंव आम्ही!"