दुर्मिळ फुलाची पाटी

दलदलीच्या बांधावर सकाळपासून रांग लागली होती. बाबा एकेकाच्या मुठीत चिखलातलं जांभळं फूल देई, चुरगळायला लावी आणि वाटीतल्या पाण्यात सोडायला सांगे. पाणी हिरवं झालं की गर्दी हात जोडी.

"रोग फुलात उतरला! डॉक्टरला वर्षभर जमलं नाही, ते फुलानं चुटकीसरशी केलं. उगीच का दुर्मिळ आहे ते?" बाबा म्हणे.

गर्दीत उभ्या असलेल्या, शाळेतल्या विज्ञानाच्या बाई पुढे सरकल्या. 'दुर्मिळ' हा शब्द त्यांचा होता. हे फूल आसपास दुसरीकडे कुठेच उरलं नव्हतं, म्हणून त्यांनीच हौसेनं पाटी लावली होती: 'अतिदुर्मिळ फूल. तोडू नका.' बाबानं नेमकं तिच्याच शेजारी बस्तान मांडलं होतं.

रांगेत त्यांची थोरली बहीण होती. तिसरी खेप. इन्सुलिन बंद करून आठवडा झाला होता, डोळे खोल गेले होते, हातातली पाण्याची बाटली सुटत नव्हती. या वेळी वाटीतलं पाणी गुलाबी झालं.

"माई, रोग गेला! फुलात उतरायला काही उरलंच नाही!" बाबा ओरडला.

बाईंनी जवळच्या घरून पेले, धुण्याचा सोडा आणि लिंबू मागवलं आणि बहिणीची बाटली घेतली. दोन पेल्यांत पाणी ओतलं, एकात सोडा टाकला, दुसऱ्यात लिंबू पिळलं. मग कुंपणावरची साधी जांभळी फुलं चुरगळून दोन्हींत टाकली. एक हिरवं, एक गुलाबी.

"आता बाबा, तुम्ही याच बाटलीतलं नुसतं पाणी घ्या. करा हिरवं."

"अश्रद्धेच्या पाण्यात शक्ती उतरत नाही."

"मग काय, धुण्याच्या सोड्यात उतरते?" रांगेतला गवंडी म्हणाला. हशा पिकला. बाबानं वाट्या गोळा करून काढता पाय घेतला.

बाईंना वाटलं, आपण जिंकलो. ताईला घरी आणून त्यांनी इन्सुलिनचं इंजेक्शन भरलं.

"राहू दे," ताई म्हणाली. "तो भामटाच होता गं, मीही हसले. पण फूल तर खरं आहे ना? तू काय खोटी पाटी लावशील?" तिनं रुमाल उघडला. आत मुळासकट उपटलेली त्या फुलाची रोपं होती. "ही शेवटचीच. आता तिथं एकही नाही. रोज थोडी वाटून पिईन."

"ताई, दुर्मिळ म्हणजे थोडं उरलेलं. औषध नव्हे!"

"मग एवढं जपायला कशाला सांगत होतीस?"

ताईनं दंड मागे घेतला. बाईंच्या हातात सुई तशीच राहिली.

पाण्याचा रंग पालटला म्हणून रक्तातली साखर पालटत नाही, एवढं तरी लक्षात घ्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याला तुमच्या घरचं पाणी द्या.

ताईनं पुन्हा पाणी मागितलं.